अद्रकीने कर्करोग बरा होतो का? आईची केमो चालू आहे

प्रश्न : शेतशिवार, ता. कन्नड

सर्वांना नमस्कार. माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला असून छत्रपती संभाजीनगर येथे तिची केमो चालू आहे. दोन डोस झाले, तिसरा येत्या सोमवारी आहे. कागदावर औषधाचे नाव पॅक्लिटॅक्सेल असे लिहिले आहे. आमच्या घरी अनेक वर्षांपासून अद्रकीचे पीक घेतले जाते, आणि आता भावकीतील वडीलधारी मंडळी रोज येऊन म्हणतात की औषध तुमच्याच शेतात पिकत असताना आईला सलाईन कशाला लावता. मोबाईलवर फिरणाऱ्या एका मजकुरात अद्रक केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी असल्याचे लिहिले आहे. मामांनी हळद आणि मिऱ्याच्या अर्काच्या कॅप्सूलची डबीही आणून दिली आहे. पहिल्या डोसनंतर आई दोन दिवस अन्नाच्या वासानेही तोंड फिरवत होती. तेव्हा अद्रकीची मीठ लावलेली चकती चघळल्यावर तिला बरे वाटले, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यामुळे सगळेच खोटे म्हणण्याचे धाडस होत नाही. केमो चालू असताना अद्रक आणि या कॅप्सूल द्याव्यात की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त रसायन अध्यापक, परभणी

दादा, आधी तो दहा हजाराचा आकडा कोठून आला ते सांगतो, कारण तो निव्वळ मनाने रचलेला नाही आणि म्हणूनच माणूस त्याला फसतो. ओल्या अद्रकीत जिंजेरॉल नावाची तिखट संयुगे असतात. अद्रक वाळून सुंठ होताना जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होते. २०१५ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींच्या गोलाकार पुंजक्यांवर ६-शोगाओल परिणामकारक ठरले, तर त्याच पुंजक्यांवर टॅक्सॉल हे केमोचे औषध दहा हजार पट अधिक तीव्रतेने वापरूनही परिणाम दिसला नाही, अशी नोंद आहे. मात्र सपाट थरात वाढवलेल्या पेशींवर टॅक्सॉल अत्यंत प्रभावी होते, हेही त्याच निबंधात लिहिलेले आहे. मोबाईलवरच्या मजकुरात हे वाक्य गाळलेले असते. त्या प्रयोगात कोणत्याही रुग्णाला अद्रक देऊन टॅक्सॉल बंद केलेले नव्हते. तो काचेच्या बशीतल्या पेशींचा होता.

बशीत औषध थेट पेशीवर पडते, पोटात गेलेल्या अद्रकीचे तसे होत नाही. आतडे आणि यकृत मिळून जिंजेरॉल व शोगाओलला ग्लुक्युरोनाइड किंवा सल्फेट नावाचे रासायनिक तुकडे जोडतात आणि त्यांना बाहेर टाकण्याच्या वाटेला लावतात. निरोगी माणसांना दोन ग्रॅमपर्यंत अद्रकीचा अर्क देऊन रक्त तपासले असता, ही संयुगे बहुतांशी अशा जोडलेल्या रूपातच सापडली. बशीत वापरलेली तीव्रता चहातून, काढ्यातून किंवा आलेपाकातून गाठीपर्यंत पोहोचेल असे मानायला आधार नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचीही हीच अडचण आहे; दिवसाला आठ ग्रॅम देऊनही ते रक्तात फारच थोडे उतरते.

आता जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते लिहितो. टॅक्सॉल म्हणजेच आईच्या कागदावरचे पॅक्लिटॅक्सेल, आणि तेही मूळचे झाडाचेच आहे. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून ते वेगळे करणाऱ्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारला जन्मलेले. त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध केली आणि अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळायला १९९२ साल उजाडले. मधली वर्षे ते पाण्यात विरघळत नाही म्हणून शिरेतून कसे द्यावे, किती द्यावे, किती दिले की पांढऱ्या पेशी घटतात, हे शोधण्यात गेली. अंगणातल्या सदाफुलीचेही तसेच. तिच्यातून व्हिंक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगाची औषधे मिळाली, पण शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम एखादा ग्रॅम व्हिंक्रिस्टीन हाती लागते, आणि त्याचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजावा लागतो. म्हणून सदाफुलीची पाने चावून खाण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया मानू नका. तुमच्या वडीलधाऱ्यांना सांगा की आईला झाडाचे औषध चालूच आहे, आणि ते मोजून दिले जात आहे.

उत्तर : केमो कक्षातील परिचारिका, लातूर

दादा, तुम्ही जे डोळ्यांनी पाहिले ते खरे आहे. केमोच्या मळमळीवर अद्रकीची मोठी तपासणी झालेली असून, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ५७६ रुग्ण होते. नेहमीची उलटीची औषधे चालू ठेवूनच त्यांना रोज अर्धा, एक किंवा दीड ग्रॅम अद्रक कॅप्सूलमधून दिली, आणि पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. अर्धा आणि एक ग्रॅम हे प्रमाण सर्वांत उपयोगी ठरले, म्हणजे जास्त घेतल्याने जास्त गुण येतो असे नाही. अद्रक चालेल, पण डॉक्टरांना विचारून, उलटीच्या गोळीच्या जोडीने आणि तोंड आलेले नसताना. तोंडात फोड असतील तर तिखट अद्रकीने आग होते आणि आहे तेवढेही जेवण सुटते. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका. शेतातली अद्रक असल्याने माती पूर्ण निघेपर्यंत धुऊन, साल काढून, उकळूनच द्या.

मामांची डबी मात्र उघडू नका. मिऱ्यातले पायपरीन यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) अडवते, आणि पॅक्लिटॅक्सेल मोडण्याचे काम त्यांतल्याच काहींकडे असते. हळद आणि पायपरीन एकत्र असलेल्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. भाजीतली हळद आणि फोडणीतले मिरे यांची भीती बाळगू नका.

उत्तर : गोदाकाठ, जि. बीड

आमच्या वडिलांनी एका काढ्याच्या भरवशावर चार महिने उपचार थांबवले होते. गाठ लहान असताना आम्ही घरी थांबलो, मोठी झाल्यावर दवाखान्यात गेलो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत मृत्यूचा धोका पाच पटींहून अधिक आढळला. हे आम्हाला तेव्हा माहीत असते तर वडिलांपुढे हात जोडले असते. भाऊ, सोमवार चुकवू नका.

शेतशिवार, ता. कन्नड

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सोमवारचा डोस ठरल्याप्रमाणे होईल. डबी न उघडता सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवतो, म्हणजे मामांनाही त्यांच्याच तोंडून ऐकता येईल. ताई, घरात सुंठीची पूड आहे; अर्धा ग्रॅम मोजायला घरी काटा नाही, ते कसे ओळखावे?

केमो कक्षातील परिचारिका, लातूर

चहाच्या लहान चमच्याचा चौथा भाग, सपाट भरून, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. डॉक्टरांनी होकार दिल्यावर ती पूड कोमट पाण्यातून किंवा गुळाच्या लहान खड्यात मिसळून द्या, आणि आईला किती वाजता दिली व मळमळ कधी थांबली ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर ते विचारतील.