दुकानदार स्वतःच म्हणाला "घेऊ नका" – तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची:
परवा भाच्याची सॅक धुवायला काढली तर आतून हायलायटरएवढं गुलाबी काहीतरी पडलं, आंब्याचा वास. मला वाटलं अत्तर. निघालं व्हेप, म्हणजे ई-सिगरेट. भाचा 17 चा. विचारलं तर म्हणे मावशी यात तंबाखू नसते गं नुसती वाफ असते, दुकानदारच म्हणाला. कुठला दुकानदार ते सांगेना. खोक्यावर बारीक अक्षरात निकोटिन 5 टक्के लिहिलेलं, चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा तोंड उतरलं.

त्यावरून आमच्या गंगापूर रोडचे टपरीवाले काका आठवले. 93-94 ची गोष्ट असेल. खांबाला जळती सुतळी लटकलेली, पानांवर ओलं लाल फडकं. आमचे अण्णा रोज दोन पाकिटं ओढायचे. एकदा संध्याकाळी मी सोबत होते, अण्णांनी पाकीट मागितलं तर काका म्हणाले, "अण्णा आज हे तिसरं होतंय, उद्या घ्या." अण्णा असले भडकले! तरातरा पुढच्या टपरीवर गेले आणि घेतलं. मला लिमलेटची गोळी पण नाही मिळाली त्या नादात. दुसऱ्या दिवशी मात्र परत काकांकडेच.

असं गिऱ्हाईक घालवून खरं बोलणारं कोणी भेटलंय का तुम्हाला? लिहा.

सिडकोचा_पोऱ्या:
ताई पहिले ते व्हेप फेकून द्या. 2019 च्या कायद्याने विकणं, आयात, साठवणं, जाहिरात सगळंच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्यांदा सापडला तर एक वर्ष कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी कॉलेजच्या पोरांना बरोबर मिळतं.

मिसळप्रेमी_नाशिककर:
गंगापूर रोडला आता टपरी शोधायला गेलो तर खड्ड्यात पडेन. कुंभाच्या नावाने सगळीकडे खोदून ठेवलंय

जेलरोडची_सून:
+१ खड्डे. काल द्वारका चौकात पाऊण तास अडकले.

लेस्टरकर:
मी मूळचा सिडकोतलाच, इकडे इंग्लंडात शिकत असताना दीड वर्ष व्हेपच्या दुकानात काम केलं. आईला सांगितलं होतं मोबाईलचं दुकान आहे 😅 तर ताई तुमचं ते 5 टक्के म्हणजे मिलीला 50 मिलिग्रॅम झालं, इकडे कायद्याने 20 च्या वर विकताच येत नाही, निकोटिनच्या लिक्विडची बाटली पण 10 मिलीचीच. आणि 25 पेक्षा लहान दिसला की ओळखपत्र मागायचं म्हणजे मागायचंच, 18 च्या आतल्याला विकलं तर दुकान अडचणीत.

आता अनुभव. एक आजोबा यायचे, चाळीस वर्षं सिगरेट, दिवसाला पंचवीस. आमच्यातल्याच एकाने त्यांना मोठं मशीन विकलेलं, दोन बॅटऱ्यांचं, महागडं, आणि वर लिक्विड मात्र 3 मिलिग्रॅमचं, म्हणजे निकोटिन अगदी कमी. तोंडातून ढग निघायचे इंजिनासारखे पण तलफ काही भागायची नाही, म्हणून आजोबा परत सिगरेटकडे. तिसऱ्यांदा तक्रार घेऊन आले तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं की आजोबा दिवसाला किती ओढता आणि उठल्यावर किती वेळात पहिली लागते. म्हणाले डोळे उघडायच्या आधी. त्यांना सगळ्यात स्वस्तातलं छोटं पॉड (लिक्विड भरायच्या छोट्या डबीचं व्हेप) आणि 20 वालं लिक्विड दिलं, सिगरेटसारखं हळू ओढायला सांगितलं. नवीन पॉड भरून दहा मिनिटं तसंच ठेवा, लगेच ओढलं तर आतला कापूस कोरडा असतो, जळका वास येतो आणि लोक म्हणतात माल खराब. हे कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं!! मॅनेजर माझ्यावर जाम उखडला, महागडं ॲडजस्ट करून द्यायचं सोडून स्वस्तातलं कसलं खपवतोस. दोन महिन्यांनी आजोबा बिस्किटांचा पुडा घेऊन आले, सिगरेट सुटली म्हणाले.

आणि एक एकोणीस-वीसची मुलगी, कधीच सिगरेट न ओढलेली, तिला म्हणालो तू कशाला सुरू करतेस. हसली आणि समोरच्या दुकानातून घेऊन आली. म्हणजे तुमच्या अण्णांसारखंच. मी स्वतः ओढत नाही, कोणी सुरूही करू नका. एकदा वापरून फेकायची जी असतात ना ती 1 जून 2025 पासून इकडेही बंद झाली.

मिसळप्रेमी_नाशिककर:
आईला अजून माहीत नाही का रे 😂

लेस्टरकर:
आई या ग्रुपवर नाही एवढं बघूनच लिहिलंय

पानवाल्याचा_मुलगा:
माझ्या वडिलांची पंचवटीत टपरी होती, आता मी बघतो. वडिलांचं एक होतं, मघई जरा काळी पडली की गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायचे "आज मघई नको साहेब, कलकत्ता लावतो, पैसे कमी द्या". अंगठ्यावर पान उलटं करून शिरा बघायचे, डेख खुडायचे, एखादं नासकं निघालं की सरळ बादलीत. आई ओरडायची की रोज दहा-पंधरा पानं बादलीत जातात. पण रात्री जेवून लोक स्कूटरवर लांबून यायचे ते त्या बादलीमुळेच.

माझा धंदा वेगळा झालाय. खरं सांगायचं तर पैसा पानात नाही, सिगरेटमध्ये आहे. सुट्ट्या सिगरेटवर 2020 पासून राज्यात बंदी आहे, पण पूर्ण पाकीट घेणारे किती? दिवसातून पन्नास वेळा "एक दे ना भाऊ". शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायचं नाही, 18 च्या खाली द्यायचं नाही, पाटी लावलीये. दहावी-बारावीची पोरं येतात, म्हणतात पप्पांसाठी पाहिजे. मी म्हणतो पप्पांना फोन लाव. आजवर एकानेही लावलेला नाही.

व्हेप ठेव म्हणून एक जण मागे लागलेला, एका नगावर सिगरेटच्या चार पाकिटांचा नफा म्हणाला. नाही ठेवलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस विचार केला होता. बायको म्हणाली पोलीस आले तर मी जामीन द्यायला येणार नाही.

जेलरोडची_सून:
वहिनी एक नंबर 👏

मेडिकलवाली_ताई:
आमचं नाशिकरोडला मेडिकल आहे. निकोटिनचं च्युइंगगम घ्यायला लोक येतात आणि चारच दिवसांत परत, "ताई उचकी लागते, छातीत जळजळतं, काही उपयोग नाही." अहो ते साध्या गमसारखं चघळायचंच नसतं! दोन-चारदा चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, गेल्या की परत चावायचं. अर्धा तास. आणि आधी पंधरा मिनिटं चहा नाही. नाशिककराला चहा नको म्हणायचं म्हणजे… पण मी सांगितल्याशिवाय पाकीटच देत नाही, मागे लाइन लागली तरी. यांचं म्हणणं मी शाळा उघडावी. ताई भाच्याला म्हणावं सरकारचा टोल फ्री आहे 1800-11-2356, तंबाखू सोडायला मदत करतात, मराठीतही बोलतात. ओरडू नका फक्त.

गोदाकाठची:
ताई ओरडून झालंय आधीच 🙈 नंबर लिहून घेतला.

सातपूर_एमआयडीसी:
माझा अनुभव उलटा. एका दुकानातून आईसाठी मिक्सर घेतला, ओरिजिनल ओरिजिनल करून गळ्यात मारला, महिन्यात मोटर जळाली. बिल मागितलं होतं तर कच्चं दिलेलं, "पक्कं घेतलं तर जीएसटी लागेल साहेब". मी पण लालची, कच्चं घेतलं. आता रडू कुणापुढे

अबोली_७७:
माझे वडील तोंडाच्या कॅन्सरने गेले. गुटखा. 2012 ला महाराष्ट्रात बंदी आली तेव्हा वाटलं सुटले, पण आमच्या गल्लीतला दुकानदार काउंटरखालून द्यायचा, वर "काका तुमच्यासाठी खास ठेवलाय" म्हणायचा. तो खूप गोड बोलायचा. अजून दिसला की नमस्कार करतो. जास्त नाही लिहीत.

गोदाकाठची:
अबोली ताई 🙏

पानवाल्याचा_मुलगा:
ताई काय बोलू. आमच्या लाइनमधलेच आहेत असे.

मिसळप्रेमी_नाशिककर:
विषयाला सोडून आहे पण प्रामाणिकपणावरून आठवलं, एका मिसळवाल्याने मला "तर्री आज तिखट लागली नाहीये, मिरची बदलली" असं सांगून दहा रुपये कमी घेतलेले. दहा रुपये! आणि तरी खाऊन घाम फुटला.

सिडकोचा_पोऱ्या:
कुठे?? पत्ता टाक

मिसळप्रेमी_नाशिककर:
नाही सांगणार गर्दी होते

सातपूर_एमआयडीसी:
कोणी मिक्सरची मोटर भरून देणारा चांगला माणूस सांगा रे शालिमारच्या आसपास, आई रोज विचारते, चटणी पाट्यावर वाटतेय

जेलरोडची_सून:
मेनरोडकडे आत एका बोळात एक चाचा बसतात, त्यांनी मला तर सांगितलं होतं "भरण्यापेक्षा नवा घ्या ताई, पैसे वाया जातील." आधी फोटो पाठवा मोटरचा, दुकान दुपारी बंद असतं आणि गाडी लावायला जागा नाही.