फ्लेक्स बंद, लॅमिनेशन बंद: छोट्या डिझाइन फर्मने अशी हमी द्यावी का?

गोदाकाठ: संभाजीनगरातल्या एका चार जणांच्या डिझाइन फर्मने ग्राहकांना लेखी कळवलंय: यापुढे फ्लेक्सचं काम घेणार नाही, कशावरच प्लास्टिकचं लॅमिनेशन नाही, व्हिजिटिंग कार्डं दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदावर (हाताने बनवलेल्या कागदावर). माझ्या मते सगळ्यांनीच हे करावं. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीला दोन्ही बाजूंनी पीव्हीसी. हे दोन थर सहज सुटे होत नाहीत, म्हणून भंगारात त्याला किंमत नाही. जाळला तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन. 1 जुलै 2022 पासूनच्या केंद्राच्या बंदीत 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरच येतात. होर्डिंगचा फ्लेक्स त्याहून जाड, तो सुटला. मग थांबवायचं कुणी?

प्रेसवाला, नांदेड: हेतू चांगला आहे, यादी चुकली आहे. आपल्याकडे उतरवलेला फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर, सोयाबीनच्या ढिगावर जातो, लगेच कचरा होत नाही. त्याऐवजी मांजरपाट लावलं तर पावसात झोळ येतो आणि वाऱ्याने आयलेटपाशी (दोरी ओवायच्या धातूच्या कडीपाशी) टरकन फाटतं. हातकागदाचं तर विचारूच नका. ऑफसेट मशीनवर त्याचे तंतू सुटून ब्लँकेटला (शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी आवरणाला) चिकटतात, ठिपके उडतात, मशीन थांबवून सॉल्व्हेंटने धुवत बसावं लागतं. लेझर प्रिंटरमध्ये जाडी कमीजास्त असल्याने अडकतो, टोनर खळग्यांत धरत नाही.

गोदाकाठ: अहो, तो ऑफसेटवर चढवायचाच कशाला? स्क्रीन प्रिंटिंग (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छपाई) करा. एक किंवा दोन रंग, ठसठशीत टाइप, 8 पॉइंटच्या खाली काही नाही, गडद पट्ट्यात पांढरी अक्षरं मुळीच नाहीत. मांजरपाटाच्या चारही कडा दुमडून आत नवार शिवा आणि आयलेट नवारीतून मारा, फाटणार नाही. पावसाळ्यात बाहेर कापड नकोच, पत्र्याची रंगवलेली पाटी करा. आणि गंजीवरचा फ्लेक्स आपल्या उन्हात कडक होऊन तडकतो. ते तुकडे कडब्यातून गुरांच्या पोटात जातात. याला पुनर्वापर म्हणायला मी तयार नाही.

लातूरकर: तुम्ही दोघं वस्तूंवर भांडताय, नासाडी मापात आहे. डिझायनर सवयीने ए-फोर धरतो. 18 बाय 23 इंचाच्या शीटवर चार ए-फोर बसत नाहीत, कारण दोन उंच्या मिळून 23.38 इंच होतात. तीनच बसतात, तीही एक फिरवून, आणि जवळपास 30 टक्के कागद कटिंगला जातो. तेच पत्रक 8.25 बाय 11 केलं की चार बसतात, ब्लीड (कडेबाहेरची, कापून जाणारी छपाई) आणि ग्रिपरलाही (मशीन कागद धरतं त्या कडेलाही) जागा उरते. 1000 पत्रकांना 334 शीटऐवजी 250, मशीन लावतानाची वाया जाणारी शीटं वेगळी. ग्राहकाच्या लक्षातही येत नाही. हमीपत्रात पहिलं कलम हे हवं होतं. रिसायकल कागद त्यानंतर. त्यावर शाई पसरते, फोटो काळवंडतात, म्हणून फाइलमध्येच एकूण शाई (चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज) 260 टक्क्यांच्या आसपास आणावी लागते.

प्रेसवाला, नांदेड: मापाचं शंभर टक्के मान्य.

बाइंडिंगवाली, जालना: लॅमिनेशनवर सरसकट बंदी मला पटत नाही. 300 जीएसएमचं (जाड, गुळगुळीत) आर्ट कार्ड लॅमिनेशनविना उघडं ठेवून घडी घातली की शाई तडकते, पांढरी रेघ दिसते. उपाय आहे: घडी ग्रेनच्या (कागदातल्या तंतूंच्या) दिशेने, आधी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून खाच पाडणं) मग घडी, घडीवर गडद रंग नाही. ग्रेन कळत नसेल तर तुकडा एका बाजूने ओला करा, तो वळून नळी होते, त्या नळीच्या लांबीची दिशा ती ग्रेनची दिशा. पत्रिका, फोल्डर यांना एवढं पुरतं. पण हॉटेलच्या मेनूकार्डाला रोज तेलाचे हात लागतात. ते उघडं ठेवलं तर लवकर खराब होऊन पुन्हा पुन्हा छापावं लागेल, त्यात कागद जास्त जातो.

गोदाकाठ: मेनूचा अपवाद मान्य. त्यातही दर बदलणारं पान वेगळं, साध्या कागदाचं करा, म्हणजे भाव वाढला तरी लॅमिनेटेड कव्हर तेच राहील. फ्लेक्सवर मात्र माघार नाही.

प्रेसवाला, नांदेड: मग निदान हे सांगा: स्क्रीनला रंगागणिक वेगळी जाळी लागते, 100 कार्डांच्या ऑर्डरला तो खर्च फर्म सोसणार की दुकानदार? पत्रात त्यावर एक ओळही नाही.