घरच्या हॉलमध्ये जिंकायचं, पण शिट्ट्यांच्या जोरावर नको

डबल_सोळा

परवा डार्ट्सच्या गप्पा चालल्या होत्या. त्यात एकाने लिहिलं, "मॅक्स हॉपला प्रेक्षकांनी जिंकवलं." ते वाक्य मला फार लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: एप्रिल २०१८, जर्मनीतलं झारब्रुकन, जर्मन डार्ट्स ओपनची फायनल. जो आधी आठ लेग, म्हणजे आठ डाव, घेईल तो विजेता. ७-७ झालं, आणि उरलेला एकमेव लेग काढून २१ वर्षांच्या हॉपने इंग्लंडच्या मायकेल स्मिथला हरवलं. युरोपियन टूर या व्यावसायिक डार्ट्स मालिकेतली स्पर्धा जिंकणारा तो पहिला जर्मन. मला तेव्हा जर्मनीत येऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या गल्लीतल्या पबात दर गुरुवारी डार्ट्स खेळायला जायचो. त्या आठवड्यात तिथे दुसरा विषय नव्हता. सत्तरीचे एक आजोबा तो शेवटचा लेग हातवारे करून पुन्हा पुन्हा सांगत होते.

आता माझं म्हणणं. घरच्या पोरासाठी घसा फाडून ओरडा, गाणी म्हणा, टेबलावर उभे राहा. पण पाहुणा डबलवर नेम धरतो तेव्हा शिट्ट्या मारू नका. जर्मन हॉलमध्ये हे फार वाढलंय. ल्यूक लिटलरसारख्या विश्वविजेत्यालाही ते सोसावं लागलं.

डबलला शिट्टी का जिव्हारी लागते? प्रत्येक लेगमध्ये ५०१ वरून शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्येच हवा, म्हणजे आकड्याचे दुप्पट गुण देणाऱ्या पट्टीत. ही पट्टी बोर्डाच्या कडेला, रुंदी जेमतेम ८ मिलिमीटर, आणि तुम्ही २.३७ मीटरवर उभे. ३२ उरले तर सोळाचा डबल. डार्ट थोडा आत पडला तर १६ उरतात, म्हणजे आठचा डबल. तिथेही आत पडला तर चारचा. म्हणून ३२ सगळ्यांचा लाडका. पण कोपर मागे गेलं, बोटं सुटायला आली आणि नेमकी त्या क्षणी शिट्टी आली, तर मनगट केसभर आखडतं. आठ मिलिमीटरच्या पट्टीत तेवढं पुरतं.

आणि यात नुकसान आपल्याच पोराचं होतं. आयुष्यभर कोणीतरी म्हणणार, "तो कुठे जिंकला, शिट्ट्यांनी जिंकवला."

रांगडा_गडी

दादा, सपशेल असहमत.

मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे कबड्डीचा सामना लागला की चढाईला आलेल्या पाहुण्याच्या कानाशी अख्खं गाव ओरडतं. त्याने त्यातच श्वास टिकवायचा आणि कबड्डी-कबड्डी म्हणत गडी मारून परत जायचं. जो त्या गोंगाटात मोडतो तो खेळाडूच कच्चा. डार्ट्सवाले व्यावसायिक आहेत. त्यांना मिळणारा पैसा याच तिकिटवाल्यांच्या खिशातून येतो. वेषभूषा, बिअर, गाणी, हाच तर या खेळाचा थाट. हे सगळं हवं आणि वर देवळातली शांतताही हवी, असं कसं चालेल?

डबल_सोळा

शांतता मी मागितलीच नाही, राव. सलग गोंगाट असला तर शरीर त्याला सरावतं. जागतिक स्पर्धेला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये हजारो लोक गात असतात आणि खेळाडू त्यातच १८०, म्हणजे तीन डार्ट्समधले जास्तीत जास्त गुण, मारतात. शिट्टीचं तसं नाही. ती वेळ साधून येते, त्याच माणसासाठी, त्याच डार्टला. आणि कबड्डीत चढाईवाला सात जणांशी झुंजतो, सगळे एकमेकांच्या अंगावर. डार्ट्समध्ये प्रतिस्पर्धी तुम्हाला हातही लावू शकत नाही. त्याने मागे गप्प उभं राहायचं असतं. त्याला जे करायला मनाई आहे, ते त्याच्या वतीने प्रेक्षकांनी करायचं?

दादरचा_स्ट्रायकर

मी कॅरमवाला, त्यामुळे मी डबल_सोळा यांच्या बाजूने.

आमच्या क्लबात राणीला कव्हर द्यायची वेळ आली की कोणी सांगावं लागत नाही. पावडर टाकून झालेली असते, बोट स्ट्रायकरच्या मागे टेकलेलं असतं, आणि पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. एकदा बाहेरच्या टीमचा एक मुलगा शेवटच्या सोंगटीला बसला होता आणि आमच्यातलाच एक जण मुद्दाम खोकला. पोराचा स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला आणि बोर्ड आम्ही जिंकलो. आमच्या सरांनी दोघांना पुन्हा हात मिळवायला लावला, पण त्या दिवशी बक्षिसाचा चहा कोणाच्या घशाखाली उतरला नाही. अजूनही मला त्या मुलाचा चेहरा आठवतो.

बर्लिनची_मीरा

सगळे सभ्यतेचे धडे जर्मनांनाच का?

जरा इतिहास बघा. पीडीसी या व्यावसायिक डार्ट्स संघटनेची जागतिक स्पर्धा १९९४ पासून आजपर्यंत इंग्लंडमध्येच होते. आधी पर्फ्लीटच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये, २००८ पासून लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ इंग्लिश खेळाडू जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा स्वतःच्या अंगणात खेळतायत. डच, जर्मन, बेल्जियन, आपला भारताचा नितीन कुमार, सगळे परक्या हॉलमध्ये उभे राहतात. त्याला कोणी "अन्याय" म्हणत नाही, ती "परंपरा" असते! मग झारब्रुकनमध्ये एका संध्याकाळी जर्मन पोराच्या मागे जर्मन आवाज उभा राहिला, तर लगेच त्याच्या विजयावर डाग?

आणि हॉपने वाट काढली म्हणून पुढच्यांना ती दिसली. २०२३ मध्ये हिल्डेसहाइमला रिकार्डो पिएट्रेच्कोने पीटर राइटला फायनलमध्ये हरवलं. २०२४ मध्ये रीझाला मार्टिन शिंडलरने वेल्सच्या गर्विन प्राइसला हरवलं. दोघेही जर्मन, दोन्ही स्पर्धा जर्मनीत. घरचे प्रेक्षक नसते तर हे झालं असतं का, खरंच सांगा.

डबल_सोळा

मीराताई, अंगणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. जागतिक स्पर्धा फिरती असावी असं मलाही मनापासून वाटतं. पण तुम्ही प्राइसचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १ जानेवारी २०२३, लंडन, जागतिक स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. समोर जर्मनीचा गाब्रिएल क्लेमेन्स. प्राइसविरुद्ध इतका कल्ला चालला होता की तो कारखान्यात घालतात तसले कानावरचे संरक्षक घालून सामन्याच्या मधेच मंचावर परतला. ५-१ ने हरला. क्लेमेन्स हा जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेलेला पहिला जर्मन, आणि तो त्या रात्री अफाट खेळला. पण दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी काय होतं? प्राइसचे कान. क्लेमेन्सचे डार्ट्स कोणालाच आठवेनात. मी म्हणतो ते हेच.

रांगडा_गडी

त्या प्राइसची कशाला दया येते? २०१८ च्या ग्रँड स्लॅम फायनलमध्ये गॅरी अँडरसनसमोर त्याने कसला आरडाओरडा केला होता! त्याबद्दल दंड झाला त्याला. स्वतः दुसऱ्याच्या डोक्यावर बसायचं आणि लोकांनी उलट केलं की कान झाकायचे. लोक विसरत नाहीत.

पूर्व_स्टँड

लोक विसरतात हो, फार लवकर विसरतात. आपल्याच वानखेडेवर बघा. एप्रिल २०२४, मुंबईचा सामना, मुंबईचा कर्णधार, आणि मुंबईचेच प्रेक्षक हार्दिक पांड्याची हुर्यो उडवत होते. टॉसला संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना "नीट वागा" म्हणावं लागलं. मी स्टँडमध्ये होतो आणि मीही ओरडलो होतो. मग ४ जुलैला विश्वचषक घेऊन टीम तिथेच आली, आणि त्याच स्टँडमधून त्याच्या नावाचा जयघोष. मीही त्यात होतो, आणि मला स्वतःची लाज वाटली. एप्रिलमध्ये त्या माणसाने माझं काय घोडं मारलं होतं? गर्दीत शिरलं की आपण काय करतोय ते कळत नाही. म्हणून "प्रेक्षक म्हणजेच खेळ" हे मला पटत नाही.

बर्लिनची_मीरा

हे प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. पण उपाय काय? पंच "बेस्ट ऑफ ऑर्डर, प्लीज" म्हणतो, हॉल दोन मिनिटं शांत होतो आणि पुन्हा सुरू. हजारो लोकांत शिट्टी कोणी मारली ते शोधणार कसं? आणि एकाच्या शिट्टीसाठी घरच्या खेळाडूचा लेग कापला तर तो उलटा अन्याय.

डबल_सोळा

लेग कापायचा नाहीच. खेळाडूने स्वतः सांगायचं. आमच्या गुरुवारच्या लीगमध्ये एकदा बाहेरच्या टीमचा गडी वीसच्या डबलवर उभा होता आणि आमच्या टेबलावरून शिट्टी आली. त्याच्याविरुद्ध खेळणारा आमचा माणूस गर्रकन वळला, टेबलाकडे बघून मान हलवली, आणि पाहुण्याला म्हणाला, "सावकाश घे." पाहुण्याने डबल मारला. आम्ही हरलो. त्यानंतर त्या टेबलावरून पुन्हा शिट्टी आलेली नाही. घरच्या खेळाडूचं लोक ऐकतात, पंचाचं ऐकत नाहीत.

रांगडा_गडी

पबातली चाळीस माणसं आणि हॉलमधली हजारो, एवढा फरक आहे, दादा. माझं मत बदललेलं नाही. पुढच्या वर्षी म्युनिकच्या स्पर्धेला जायचा विचार आहे, तिथे घसा बसेपर्यंत ओरडणार. कॅरमवाल्या सरांनी पुन्हा हात मिळवायला लावला ते मात्र आवडलं. आमच्या तालमीतले वस्तादही तेच करायचे, कुस्ती जिंकली तरी आणि हरली तरी.