मदत हवी आहे: एकच खरेदी बिल दोनदा पडलेलं कसं पकडता?

भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांची खाती बघणाऱ्यांना विचारतोय. एकच बिल एकदा ‘आयएनव्ही/०४५/२५-२६’ आणि एकदा नुसतं ‘४५’ असं टाकलं, की टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी बिलं. १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) आली की त्यातलं एक जुळतं. दुसरं ‘पोर्टलवर दिसत नाही’ या ढिगात जातं आणि पुरवठादाराने रिटर्न भरलं नसेल असं समजून तिथेच राहतं. टॅक्स क्रेडिट दोनदा घेतलं जात नाही, पण पुरवठादाराला पैसे दोनदा जाऊ शकतात.

सध्या खरेदी रजिस्टर एक्सेलमध्ये काढून, बिल नंबर बाजूला ठेवून, पुरवठादाराचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), बिलाची तारीख आणि करपात्र रक्कम एका रकान्यात जोडतो आणि काउंटइफ (तीच नोंद किती वेळा आली ते मोजणारं सूत्र) लावतो. १ पेक्षा जास्त आलं की मूळ कागद बघायचा. अडचणी दोन. बिलाच्या तारखेऐवजी नोंदीची तारीख पडली असेल तर जोडी सुटते. आणि जॉबवर्कवाल्यांची (आपल्या मालावर काम करून देणाऱ्यांची) एकाच दिवसाची सारख्या रकमेची खरी बिलंही अडकतात. ५ कोटींच्या आतल्या उलाढालीच्या पुरवठादारांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं नाही, त्यामुळे आयआरएनचाही (ई-इन्व्हॉइसला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाचाही) आधार नाही.

डिलिव्हरी चलन नंबर किंवा गेट एंट्री (माल आत आल्याची नोंद) जोडून कुणी ही चाळणी बारीक केली आहे का? रकाने कसे लावलेत, तेवढं सांगा.