जीन थेरपीच्या विषाणू-वाहकात शिल्लक राहणारा परका डीएनए : चिंता किती करावी?

डिचोलीकर मामा

नमस्कार. माझा भाचा १३ वर्षांचा असून त्याला तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात विकार आहे. मागच्या महिन्यात बसच्या पायरीवरून उतरताना त्याचा गुडघा किंचित मुरगळला आणि घरी पोहोचेपर्यंत शहाळ्यासारखा टम्म फुगला. रक्त गोठवणारे फॅक्टर आठ हे प्रथिन टोचून आणि बर्फाने शेकून चार दिवसांनी तो पाय टेकू लागला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलिया ए वर जीन थेरपीचा, म्हणजे निरोगी जनुक पेशींत पोहोचवण्याच्या उपचाराचा प्रयोग झाल्याचे वाचल्यापासून बहिणीच्या मनात आशा आहे. मात्र अशा औषधांत वापरलेल्या विषाणूंमध्ये हव्या त्या जनुकाबरोबर जिवाणूंचा आणि मानवी पेशींचा नको असलेला डीएनएही जातो, असे माझ्या वाचनात आले. हा डीएनए कोठून येतो, तो काढून का टाकता येत नाही आणि त्याने खरोखर काय होऊ शकते, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

वेर्णा_क्यूसी

मामा, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत येण्यापूर्वी मी नऊ वर्षे पुण्यात पेशींपासून बनणाऱ्या औषधांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत होते. तयार मालात उरलेला डीएनए मोजणे हेच माझे रोजचे काम होते, म्हणून लिहिते.

जीन थेरपीत सर्वाधिक वापरला जाणारा वाहक म्हणजे एएव्ही हा विषाणू. त्याचे प्रथिनांचे कवच, म्हणजे कॅप्सिड, सुमारे २५ नॅनोमीटरचे असते आणि त्यात ४.७ हजार अक्षरांच्या आसपास डीएनए मावतो. तो बनवण्यासाठी बहुतेक ठिकाणी एचईके-२९३ या मानवी पेशींमध्ये तीन प्लाझ्मिडे (डीएनएची छोटी गोल कडी) एकदम सोडतात : एकात औषधी जनुक, दुसऱ्यात कवचाची आणि भरणीची जनुके, तिसऱ्यात मदतनीस विषाणूची जनुके. ही प्लाझ्मिडे जिवाणूंमध्ये वाढवलेली असल्याने त्यांच्या कण्यात, म्हणजे कामाच्या जनुकाखेरीज उरलेल्या भागात, प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुकही असते. कवच भरताना विषाणूची यंत्रणा जनुकाच्या दोन्ही टोकांच्या खुणा पाहून डीएनए आत ओढते, परंतु काही वेळा ती टोकाच्या उलट बाजूने सुरुवात करते आणि जनुकाऐवजी प्लाझ्मिडाचा हा कणाच आत जातो. पेशीच्या स्वतःच्या डीएनएचे तुकडेही असेच शिरतात.

कवचाबाहेरचा डीएनए न्यूक्लिएज या विकराने कापून टाकता येतो. आतला नाही. चवथीच्या नेवरीत (करंजीत) सारणाबरोबर खडा गेला, तर नेवरी बाहेरून कितीही पुसली तरी तो खडा दाताखाली येणारच. विकार बरा करणाऱ्या जनुकाला कवच जसे सांभाळते, तसेच ते परक्या तुकड्यालाही सांभाळते आणि थेट यकृताच्या पेशीत नेऊन पोहोचवते.

आता आकडा. लसींसारख्या उत्पादनांसाठी मात्रेमागे १० नॅनोग्रॅमपेक्षा कमी डीएनए, आणि तोही सुमारे २०० अक्षरांपेक्षा लहान तुकड्यांत, अशी मर्यादा प्रचलित आहे. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरच्या झोलजेन्स्मा या एएव्ही-औषधाची मात्रा दर किलो वजनामागे ११० लाख कोटी विषाणू-कण इतकी असते. १० किलोच्या बाळाला मिळणाऱ्या कणांतील एकूण डीएनएचे वजन मी कागदावर काढले, ते सुमारे पावणेतीन मिलीग्रॅम भरते. त्यातला केवळ एक टक्का परका धरला, तरी तो २७,००० नॅनोग्रॅम होतो, म्हणजे त्या मर्यादेच्या २,७०० पट. (हा एक टक्का मी उदाहरणापुरता धरला आहे, तो त्या औषधाचा मोजलेला आकडा समजू नये.) शिवाय कवचात मावणारा तुकडा २०० अक्षरांचा नसून अख्ख्या जनुकाएवढा असू शकतो. म्हणून माझ्या मते, ‘किती आहे’ यापेक्षा ‘कशाचा आहे’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. एचईके-२९३ पेशींत १९७३ मध्ये अ‍ॅडिनोविषाणूचा जो तुकडा बसवला गेला, त्यात पेशीला कर्करोगाकडे नेऊ शकणारी ई१ए आणि ई१बी ही जनुके आहेत. त्यामुळे एकूण वजनाबरोबरच या विशिष्ट जनुकांची वेगळी तपासणी करावी लागते.

निवृत्त डॉक्टर, मडगाव

वरील माहिती योग्य आहे, पण ती भाच्याच्या प्रश्नाला थेट लागू पडत नाही. वेल्लोरच्या प्रयोगात एएव्ही नव्हता, लेंटिविषाणू होता. रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुक घालून त्या परत दिल्या गेल्या. लेंटिविषाणू आपल्या कवचात डीएनए नव्हे, आरएनए भरतो. त्यामुळे प्लाझ्मिडाचा उरलेला डीएनए मुख्यतः बाहेरच राहतो आणि पेशी रुग्णाला देण्यापूर्वी धुतल्याही जातात. येथे मुख्य चिंता वेगळी आहे. हे जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचे जाऊन बसते, आणि ते कोठे बसते याला महत्त्व आहे. पॅरिसमधील एससीआयडी या जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याच्या रोगाच्या मुलांमध्ये २००२ च्या सुमारास लेंटिविषाणूच्याच कुळातल्या जुन्या रेट्रोविषाणू-वाहकामुळे एलएमओ२ या जनुकाशेजारी असा शिरकाव होऊन रक्ताचा कर्करोग झाला होता. आजचे लेंटिविषाणू त्या अनुभवानंतर बदललेले आहेत, तरी देखरेख अनेक वर्षे चालते. परत दिलेल्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी केमोथेरपी द्यावी लागते, हेही बहिणीला सांगून ठेवा.

एएव्हीच्या बाबतीत मी क्यूसीताईंपेक्षा थोडा कमी घाबरतो. हिमोफिलिया असलेल्या नऊ कुत्र्यांना एएव्ही देऊन दहा वर्षांपर्यंत पाहिले गेले. काहींच्या यकृतात जनुक शिरलेल्या पेशींचे समूह वाढलेले आढळले, परंतु गाठ झाली नाही. तेथे निश्चिंतही होता येत नाही, कारण नऊ ही संख्या लहान आहे.

डिचोलीकर मामा

ताई आणि डॉक्टर, दोघांचे आभार. दोन वेगवेगळ्या गोष्टी मी एकच समजत होतो. एकच शंका उरते : मुलगा १३ चा आहे, तर एएव्हीचा विचार आताच करता येतो का?

निवृत्त डॉक्टर, मडगाव

हिमोफिलिया ए साठी एएव्हीवर आधारलेले जे औषध युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले, ते प्रौढांसाठीच आहे. एएव्हीने आणलेले जनुक बहुतांशी गुणसूत्राबाहेर राहते, त्यामुळे वाढत्या मुलाचे यकृत मोठे होताना नव्या पेशींमध्ये ते विरळ होत जाते. शिवाय बऱ्याच जणांच्या रक्तात एएव्हीविरोधी प्रतिपिंडे आधीपासूनच असतात आणि अशांना हे औषध देता येत नाही. वेल्लोरच्या प्रयोगातील रुग्णही प्रौढच होते. तूर्त फॅक्टर ठरल्या दिवशी चुकवू नका आणि गुडघ्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून सुरू ठेवा. वारंवार रक्तस्राव होऊन सांधा एकदा झिजला, तर पुढे कोणतीही जीन थेरपी तो भरून देणार नाही.

वेर्णा_क्यूसी

उद्या कोणत्याही प्रयोगाचे संमतीपत्र समोर आले, तर मामा, सहीआधी वाहक कोणता आणि तो कोणत्या पेशींत बनवला, एवढे लिहून मागा. ते मराठीत समजावून देण्याची मागणीही तुम्ही करू शकता.