चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही: जुनी एमएम ५४०, सोलापूर

माळरानी_जॉबर (सोलापूर)

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप, १९९७ चं पासिंग, एमएच १३. प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, फोर बाय फोर व्यवस्थित लागतं, वर ताडपत्रीचं हूड. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघतो. यंत्राला हात लावायची भीती नाही, पण गाडीच्या करंटचं म्हणाल तर अंधारात चाचपडणं आहे.

शेत नान्नजच्या पुढं, आत मुरमाचा रस्ता. सकाळी जाताना सगळं ठीक असतं. आधीच्या मालकानं डॅशवर अँपिअरचं मीटर बसवलंय, त्याचा काटा सुरुवातीला प्लसमध्ये जातो आणि मग शून्याशी येऊन बसतो. येताना, विशेषतः दिवे लावले की, कधीतरी काटा मायनसमध्ये उतरतो, म्हणजे बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी होत जाते. कधी पाच मिनिटं, कधी घर येईपर्यंत. हेडलाइट पिवळे पडतात, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. मग आपोआप सुरळीत. आठवडा बरा जातो, आणि एखाद्या सकाळी स्टार्टर नुसता 'कट्' करतो. धक्का मारायला गल्लीतली पोरं येतात, पण आता ती आधी चहाचं बोलून घेतात.

झालेले उपाय: बॅटरी नवी, फॅनबेल्ट नवा, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा, बॅटरी भरणारा) दोनदा काढून इलेक्ट्रिशियनच्या बाकावर तपासला. दोन्ही वेळा १४.२ व्होल्ट, 'पीस एक नंबर आहे, घेऊन जा'. मागाचंही असंच असतं, मालक शेजारी येऊन उभा राहिला की धागा तुटत नाही. पण मागापाशी मी तासभर उभा राहू शकतो. चालत्या गाडीच्या बॉनेटमध्ये कसा उभा राहू?

डिझेलवेडा_बार्शी

अल्टरनेटरचे ब्रश, म्हणजे आतल्या फिरत्या स्लिप रिंगला टेकणारे कार्बनचे तुकडे, बघितले का? झिजून आखूड झाले की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, मग खड्ड्यात स्लिप रिंगवरून क्षणभर सुटतात. बाकावर खड्डे नसतात, त्यामुळे तिथं पास. माझ्या गाडीत हेच निघालं होतं.

रानवाट

चालू गाडीत बॅटरीचं एक टर्मिनल काढा. गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला, चालू राहिली तर चांगला. सोपं आहे.

तारवाला_काका (मिरज)

रानवाट, हे कुणी करू नका, हात जोडून सांगतो. अल्टरनेटरच्या आधी गाड्यांत डायनामो असायचा, त्या काळातली सवय आहे ती. अल्टरनेटर भरात असताना बॅटरी सोडली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे), रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा), रेडिओ, जे असेल ते जातं. शिवाय यांची गाडी डिझेल, ती पुलनॉब ओढून बंद होणारी. एकदा चालू झाली की करंट नसला तरी फिरत राहील. म्हणजे परीक्षा करून कळणार काहीच नाही, आणि पीस मात्र जाईल.

जॉबरसाहेब, ब्रश असू शकतील. पण पार्ट बदलण्याआधी दुखणं कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. दोष चालू असताना, म्हणजे काटा मायनसमध्ये असतानाच, दोन जागी व्होल्टेज घ्या. एक अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर, दुसरं थेट बॅटरीच्या खांबांवर. दोन्हीकडे बारा-सव्वाबारा आलं तर अल्टरनेटर करंट काढतच नाहीये: बेल्ट, ब्रश, रेग्युलेटर किंवा चार्जिंगच्या दिव्याची बारीक वायर. बोल्टवर १४ च्या वर आणि बॅटरीवर १२ च्या आसपास आलं तर अल्टरनेटर बिचारा कमावतोय, पैसा वाटेत कुणीतरी खातंय.

आणखी दोन प्रश्न. चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का? आणि हे दुखणं नेमकं कधीपासून, त्याआधी गाडीला कुणी, कशासाठी हात लावला होता?

माळरानी_जॉबर

काका, दिवा लागतो आणि गाडी चालू झाली की विझतो. म्हणून तर मी त्याच्याकडं बघायचं सोडलं होतं.

पण तुम्ही विचारलंत म्हणून परवा रात्री मुद्दाम बघितलं. मार्डी फाटा सोडल्यावर काटा उतरला. एका हातानं डॅशवर सावली धरली, तर लाल दिवा आहे! पेटलेला म्हणता येणार नाही. विडी ओढणाऱ्यानं लांब अंधारात झुरका घेतल्यावर दिसतं तेवढाच. काटा वर आला तसा तोही गेला. दिवसा हा दिसणं शक्यच नाही.

आणि कधीपासून म्हणाल तर मागच्या दिवाळीनंतर. त्याआधी जुना अल्टरनेटर खरोखरच गेला होता, दुसरा बसवला. म्हणून मला हे दोन वेगळे आजार वाटत होते.

तारवाला_काका (मिरज)

तुमचा तो विडीचा झुरकाच सगळं सांगतोय. त्या दिव्याच्या एका टोकाला चावीकडून आलेलं बॅटरीचं व्होल्टेज असतं, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचं. गाडी चालू झाली की दोन्ही सारखी होतात, म्हणून दिवा विझतो. दोन्हींत दीड-दोन व्होल्टचा फरक पडला की फिलामेंट नुसतं लालसर होतं. मंद दिव्याला डायोड हेही कारण असतं, पण मग आठवडाभर सगळं बरं चालणं जरा कठीण. माझा संशय अल्टरनेटरकडून डॅशकडे जाणाऱ्या जाड वायरवर.

आता मोजायची सोपी रीत. हातातला मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. दोन्ही लांब वायरी केबिनमध्ये आणा, आणि प्रत्येक वायरीला उगमापाशीच छोटा फ्यूज टाका, नाहीतर कुठं बॉडीला घासली तर ठिणगी पडेल. मीटर मग वाटेत नेमकं किती गळतंय तेच दाखवेल. ०.३ पर्यंत चालतं. ०.५ च्या वर गेलं तर शोध सुरू करा. तसंच मायनस बाजूला अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.१, फार तर ०.२. जुन्या जीपला रंग मारताना अर्थिंगच्या पट्टीखालीही रंग जातो, ते बघून ठेवा.

डिझेलवेडा_बार्शी

म्हणजे आमचे ब्रश बाद. असो. पण काका, सोलापूरच्या मे महिन्यात बॅटरीवर १३.८ च आलं तर तेही कमी समजायचं का? आमच्याकडं एकानं तेवढ्यावरून रेग्युलेटर बदलून घेतला.

तारवाला_काका (मिरज)

नाही. रेग्युलेटर तापला की स्वतःहून थोडं खाली येतो, तसाच बनवलेला असतो. ४३ डिग्रीत, बॉनेटखाली तर कितीतरी जास्त, तिथं १३.८ ठीकच आहे. तेच थंडीत १४.४ दाखवेल.

माळरानी_जॉबर

झालं मंडळी, चोर सापडला. सविस्तर लिहितो, कारण शोधण्यातच जास्त गंमत होती.

रविवारी दोन वायरी बॉनेटमधून ड्रायव्हरच्या दाराच्या फटीतून आत घेतल्या. शेजारच्या सीटवर पुतण्या, मांडीवर मीटर, त्याला सांगितलं की आकडा बदलला की ओरड. अर्थिंग आधीच तपासलं होतं, ०.०६, तिकडं काही नाही. निघताना ०.३८ होता. काकांच्या हिशेबानं तिथंच जास्त, पण मी म्हटलं जुनी गाडी आहे, चालायचंच. हेडलाइट लावले, ०.४५. बार्शी रोडला लागलो, डांबरी रस्त्यावर काही नाही. पोरगं कंटाळून मोबाइल काढायला लागलं. मुरमावर उतरलो, दुसऱ्याच नाल्याच्या खड्ड्यात गाडी डुलली आणि हा ओरडला, "काका, दोन पॉइंट एक!" काटा मायनसमध्ये, तो लाल झुरका हजर. गाडी तिथंच चालू ठेवून उतरलो. बोल्टवर १४.३, बॅटरीवर १२.२. तुम्ही लिहिलं होतं तस्सं.

आता शोधायचं कुठं? हिशेब केला: गळती दोन व्होल्टची, आणि समजा आठ अँपिअर तरी जात असतील, तर सोळा-सतरा वॉट कुठंतरी एका जागी उष्णता होतेय. म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्न वायरीत लपवून ठेवल्यासारखंच. मग डोळ्यांनी शोधण्यापेक्षा हातानं शोधलेलं बरं. इंजिन बंद केलं, बॅटरीचा मायनस सोडला आणि अल्टरनेटरपासून वायर बोटांत धरून मागं मागं गेलो. इंजिनची आच सगळीकडं होतीच, पण फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकाच्या जरा अलीकडं, तीन-चार इंचांचा एक फुगवटा होता, तिथं बोट ठेववेना.

फुगवट्यावरची काळी टेप आता टेप राहिलीच नव्हती, पाघळून गुळाच्या पाकासारखी झालेली. ब्लेडनं कापली. आत दोन वायरींची टोकं एकमेकींना नुसती पिळा घालून जोडलेली. सोल्डर नाही, फेरूल नाही, काही नाही. बाहेरच्या तारा हिरव्या, आतल्या जांभळट काळ्या, भाजलेल्या. हातानं जरा वाकवलं तर निम्म्या तारा बोटावर तुटून आल्या. पंचवीसेक तारांपैकी सहा-सात शाबूत असतील, त्याही खड्ड्यात सुटायच्या आणि थंड झाल्या की पुन्हा टेकायच्या.

मग दिवाळीचं आठवलं. दुसरा अल्टरनेटर बसवला त्याचा बोल्ट पहिल्यापेक्षा उलट्या बाजूला आला, जुनी वायर वीतभर कमी पडली. बसवणाऱ्यानं तुकडा जोडून दिला. कुणाचं नाव घेत नाही, संध्याकाळची वेळ होती, मीच 'लवकर करा, घरी फराळाला पाहुणे यायचेत' म्हणून डोक्यावर उभा होतो. आणि कारखान्यात एखाद्या पोरानं गाठ नीट न मारता ताण्याचा धागा जोडला तर मी त्याला सोडत नाही बघा.

अल्टरनेटर दोनदा बाकावर पास का झाला तेही कळलं. जोड गाडीतच राहायचा, बाकावर जायचा एकटा अल्टरनेटर.

जोड दुरुस्त केला नाही, वायरच अखंड नवी टाकली. १० चौरस मिलिमीटरची तांब्याची, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले लग (बोल्टला अडकवायची धातूची टोकं), फायरवॉलच्या भोकात नवा रबरी ग्रोमेट. लग दाबायचं मोठं पकड हत्यार कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनकडून आणलं. डॅशवरच्या अँपिअर मीटरमागचे नटही सोडून घासून बसवले, सगळा करंट तिथूनच जातो म्हणून. काल रात्री सगळे दिवे लावून त्याच नाल्यातून चार वेळा गाडी नेली. ०.१४, हलायला तयार नाही. पुतण्या म्हणाला, आता ओरडायला काही नाही तर मला कशाला आणलं.

तारवाला_काका (मिरज)

झकास. मला वाटलं होतं चूक मीटरमागच्या नटात निघेल, तेवढं माझं चुकलं. एक काम राहिलंय: त्या नव्या वायरीला बॅटरीच्या बाजूनं फ्यूज लिंक (जादा करंट आला की वितळून तुटणारा तुकडा) टाका.  ही जाड आहे, शॉर्ट झाली तर गाडी जाळेल. आणि वायर तापणाऱ्या एक्झॉस्ट मेनिफोल्डपासून हातभर लांब बांधा.

माळरानी_जॉबर

उद्याच टाकतो काका. सोलापूरला आलात तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडं.

रानवाट

टर्मिनल काढायचं आम्ही सोडलं, कबूल. पण भाऊ, मग ती जुनी बॅटरी चांगलीच होती की हो? तिचं काय केलं?

माळरानी_जॉबर

साडूला दिली, ट्रॅक्टरला. खराब आहे म्हणून फुकटच दिली होती. परवा विचारलं तर म्हणाला, पहिल्या झटक्यात स्टार्ट घेतो. परत मागायचा विषय काढला तर बायको माझ्याकडं अशी बघायला लागली की मी पुन्हा चार्जिंगचंच बोलायला लागलो.