मदत हवी आहे: प्राचीन डीएनएचे शोधनिबंध वाचायला सुरुवात कुठून करू?

शहादेकर

नमस्कार मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. बीएस्सी झूऑलॉजी, मग डीएमएलटी. दिवसभर सीबीसी, मलेरियाच्या स्लाइडी आणि सिकलसेल. सोल्युबिलिटी म्हणजे सिकलसेलची पहिली, प्राथमिक चाचणी. तिची नळी गढूळ झाली, मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला पुढे जातो, तिथे एएस (निव्वळ वाहक) की एसएस (आजारी) ते ठरतं. २०२३ मध्ये सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हापासून नळ्यांना खंडच नाही.

गेल्या पावसाळ्यात धडगावकडची एक पावरा आजी नातवाला घेऊन आली होती. रिपोर्ट एसएस. तिने विचारलं, "हे आमच्याच पोरांत का येतं?" मी नेहमीचं छापील उत्तर दिलं, आईबापाकडून. ती म्हणाली, "आणि त्यांच्याकडे कुठून आलं?" तिथे माझी गाडी अडली. तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली, त्याची अजून टोचणी आहे.

तेव्हापासून रात्री मोबाईलवर वाचतोय. सिकलसेलवरून हॅप्लोटाइपवर (जीनच्या आजूबाजूला एकत्र वारशाने येणाऱ्या खुणांचा संच) गेलो, तिथून लोकसंख्या आनुवंशिकीवर आणि तिथून राखीगढीवर, म्हणजे हरियाणातल्या सिंधू संस्कृतीच्या शहरावर. बायको म्हणते, "तुले काय करनं शे त्या हाडकांचं?" प्रश्न रास्त आहे. पण मी रोज प्रकाशाच्या पुलावरून ये-जा करतो. तापी-गोमाईच्या संगमावरचं ते पांढरीचं टेकाड १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी खणलं होतं आणि खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली होती, हे मला चाळिशीत कळलं. शाळेच्या सहली त्याच रस्त्याने सारंगखेड्याच्या यात्रेला जायच्या!

आता अडचणी.

एक, शब्द. "४००० बीपी" वाचून मी खरोखर ब्लडप्रेशर समजलो होतो. ते "आजपासून इतकी वर्षं मागे" असं आहे आणि त्यातला "आज" म्हणजे १९५०, हे दोन दिवसांनी उलगडलं. "लायब्ररी" म्हणजे पुस्तकांची नाही, यंत्रावर वाचायला तयार केलेल्या डीएनए-तुकड्यांचा संच, हेही तसंच. असे खड्डे अजून किती आहेत?

दोन, रंगीत पट्ट्यांची आकृती. प्रत्येक समाजापुढे एक उभा पट्टा, त्यात निळा, हिरवा, केशरी. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी ती टाकली आणि "बघा, आपण किती टक्के अमुक" म्हणून दोन दिवस भाऊबंदकी झाली. हे रंग टक्क्यांत मोजायचेच असतात का?

तीन, पीसीएवरचे (माणसांतला जनुकीय फरक ठिपक्यांच्या अंतरात दाखवणारा नकाशा) ठिपके, आणि एफ४, झेड, क्यूपीअॅडम ही मंडळी. इथे मी पूर्ण आडवा.

चार, सगळ्यात महत्त्वाचं. जुने लेख म्हणतात की सिकलसेलचं उत्परिवर्तन (जीनमधला बदल) वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झालं, चार वेळा आफ्रिकेत आणि एकदा अरबस्तान-भारताच्या बाजूला. २०१८ चा एक निबंध म्हणतो एकदाच झालं, आफ्रिकेत, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी. दोघांपैकी कुणाचं धरू? कुणाचंही एक धरण्याआधी नवख्याने काय तपासायचं?

आर्य-अनार्य वाद इथे आणू नये ही विनंती. त्याला दुसरे धागे पडले आहेत.

---

कोरडी_गिरणा

दादा, प्रकाशासारखंच आमच्या चाळीसगाव तालुक्यात बहाळ. त्याच्यासमोर, नदीच्या पलीकडे टेकवाड्याला त्या काळातली दफनं निघाली होती. इनामगावला तर दोनशेच्या वर. लेकरांना दोन रांजणांची तोंडं जुळवून त्यात ठेवायचे, ते चित्र बघितलंत की विसरणार नाही. मग आपल्या हाडांचा डीएनए का नाही? मलाही तेच विचारायचंय, म्हणून खुर्ची टाकून बसतोय.

---

आकडेमोड

शहादेकर, तुम्ही समजता त्यापेक्षा पुढे आहात. मी संख्याशास्त्राचा माणूस, म्हणून दोन आणि तीनवर बोलतो.

रंगीत पट्ट्या: किती रंग वापरायचे ते संगणक ठरवत नाही, संशोधक ठरवतो. त्याला ते "के" म्हणतात. के ३ दिला तर तीन रंग, ८ दिला तर आठ. एखादा समाज पिढ्यान्पिढ्या आपापसातच लग्नं करत राहिला, मूळ संख्या लहान असली, तर प्रोग्राम त्याला अख्खा एक स्वतंत्र रंग देऊन मोकळा होतो. बघणाऱ्याला वाटतं हेच ते "शुद्ध" मूळ आणि बाकीचे त्याची भेसळ. खरं कधीकधी नेमकं उलटं असतं. या पट्ट्यांचा भलता अर्थ कसा काढू नये, यावर लॉसन, व्हॅन डॉर्प आणि फालुश यांचा २०१८ चा निबंध आहे. तो आधी वाचा आणि ग्रुपवर टाका. भांडण मिटणार नाही, पण दर्जा सुधारेल.

पीसीए: आधी अक्षांवरचे टक्के बघा. पहिला अक्ष एकूण फरकापैकी पाच-सहा टक्केच दाखवत असेल तर ठिपक्यांतलं अंतर बघून छाती बडवू नका. प्राचीन नमुने बहुतेकदा आजच्या माणसांवर बेतलेल्या नकाशावर नंतर आणून टेकवलेले असतात, हेही ध्यानात असू द्या.

एफ४: दोन भाऊबंद आणि एक तिसरा पाहुणा घ्या, चौथा दूरचा माणूस निव्वळ तुलनेला. पाहुणा दोघा भावांशी सारखाच जवळ असेल तर आकडा शून्याच्या आसपास येतो. एकाशी जास्त जवळ असेल तर शून्यापासून सरकतो. नुसत्या योगायोगाने इतकं सरकेल का, हे झेड सांगतो. साधारण ३ च्या पुढे गेला की गंभीरपणे घेतात.

क्यूपीअॅडम म्हणजे एखादा समाज कुणाकुणाच्या मिश्रणातून झाला असू शकतो, ते तपासणारा प्रोग्राम. त्याच्यापाशी तुमच्यासारखी लॅबची माणसं हमखास फसतात. आपल्याला सवय पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली की खूश व्हायची. इथे ०.०५ च्या वर असलेलं मॉडेल टिकतं. आणि टिकलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, हाती असलेल्या माहितीने ते खोडता आलं नाही, एवढंच. त्याच नमुन्यावर दुसरं मॉडेलही टिकू शकतं.

---

रानपाखरू

वाचायचा क्रम सांगते, कारण यात माझा एक वर्षाचा घोळ झाला होता. मी २०१९ च्या निबंधांपासून सुरुवात केली आणि काहीच कळेना.

आधी २००९ चा 'नेचर'मधला, राइक आणि थंगराज यांच्या गटाचा. २५ समाजांतली १३२ माणसं, सगळी आजची, एकही प्राचीन हाड नाही. त्यात भारतातल्या बहुतेक समाजांना दोन जुन्या पूर्वजगटांचं मिश्रण म्हटलं, एएनआय (उत्तर भारतीय पूर्वज) आणि एएसआय (दक्षिण भारतीय पूर्वज). मग २०१३ चा मूरजानी आणि इतरांचा: हे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झालं आणि नंतर लोक जातीच्या कुंपणात गेले. त्यानंतरच २०१९ चे दोन. 'सायन्स'मधला नरसिंहन आणि इतरांचा, त्यात ५२३ प्राचीन माणसं. आणि 'सेल'मधला शिंदे आणि इतरांचा राखीगढीचा. तिथे उमगतं की एएनआय आणि एएसआय हेच मुळात मिश्रणं होती. या क्रमाने वाचलं की प्रत्येक निबंध आधीच्याच्या कुठल्या शब्दाला हात घालतोय ते दिसतं.

कोरडी_गिरणा भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राखीगढीतच आहे. ६१ नमुने तपासले, कामाचा जीनोम निघाला एका बाईचा. तोही आतल्या कानाभोवतीच्या दगडासारख्या घट्ट हाडातून. उष्णता आणि ओल यांनी डीएनएचा भुगा होतो. हरियाणात ही गत, तर मे महिन्यातल्या जळगावच्या मातीत काय उरणार! वर जुन्या उत्खननात हाडं उघड्या हातांनी हाताळलेली, त्यामुळे खणणाऱ्याचाच डीएनए त्यात. खरा जुना ओळखायची एक खूण आहे: डीएनएच्या तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी सी) बिघडतो आणि वाचताना टी असा दिसतो. ही झीज दिसली तर विश्वास ठेवायचा, टोकं कोरी करकरीत असली तर आधी शंका घ्यायची.

आता तुमचा चौथा प्रश्न. शहादेकर दादा, स्पष्ट बोलते, राग मानू नका. आजींच्या पहिल्या प्रश्नाला प्राचीन डीएनए लागतच नाही. एखादा आजार एका समाजात दाटण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक, मूळ पूर्वज मोजके आणि लग्नं आतल्या आत. तेलुगू वैश्य समाजात भुलीच्या वेळच्या एका औषधाला शरीर उशिरा पचवतं, ते या वाटेचं उदाहरण. २०१७ च्या एका निबंधात २६३ पैकी ८१ भारतीय उपखंडातल्या समाजांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्कनाझी ज्यूंपेक्षाही जास्त निघाला. दुसरी वाट मलेरियाची. एएस माणूस मलेरियातून तगतो, त्याची लेकरं वाढतात, जीन टिकतो आणि त्याची किंमत एसएस लेकरू भरतं. सातपुड्यातला सिकलसेल मुख्यतः दुसऱ्या वाटेने दाटलेला. तुम्ही एकाच टेबलावर मलेरियाच्या स्लाइडी आणि सोल्युबिलिटीच्या नळ्या ठेवता, उत्तर तिथेच मांडलेलं होतं.

दुसरा प्रश्न, कुठून आलं. पूर्वी जीनच्या आजूबाजूच्या मोजक्या खुणा तपासायचे. त्या पाच तऱ्हेच्या दिसल्या म्हणून जन्मही पाच मानले. श्रायनर आणि रोतिमी यांनी २०१८ मध्ये संपूर्ण जीनोम घेतले. एकदाच झालेलं उत्परिवर्तन पिढ्यांगणिक शेजार बदलत गेलं तरी आज पाच शेजार दिसू शकतात, असा त्यांचा मार्ग. तेव्हा तपासायचं ते हे: कुणी किती खुणा बघितल्या, कुठल्या माणसांच्या, आणि त्यात भारतातले नमुने किती. माझा कल नव्याकडे आहे.

---

शहादेकर

रानपाखरू ताई, राग कसला. ते टेबलाचं वाक्य वाचून उठून पाणी प्यायलो.

तीन आठवड्यांनी लिहितोय. क्रमाने वाचलं. आकडेमोड सरांचा लॉसन-फालुश ग्रुपवर टाकला, दोन जणांनी ग्रुप सोडला. बहीण म्हणते आता शांत आहे.

२०१९ च्या 'सायन्स'मध्ये एके ठिकाणी थबकलो. इराणचं शहर-ए-सोख्ता आणि तुर्कमेनिस्तानचं गोनूर, तिथल्या दफनांत ११ माणसं बाकी गावाशी जुळेनात, आउटलायर. आमच्याकडे कंट्रोल (उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना) असा बाहेर गेला तर रीडिंग बाद, रिएजंट बदला, परत लावा. यांनी मात्र त्यांनाच धरून ठेवलं आणि ती सिंधू खोऱ्याकडून आलेली असावीत असं मांडलं. मग राखीगढीची बाई त्यांच्याशीच जुळली. बरोबर वाचलं ना मी?

---

रानपाखरू

बरोबर. फक्त "आलेली" म्हणताना ती माणसं स्वतः आली की त्यांचे आजे-पणजे, ते डीएनएवरून ठरत नाही.

---

शहादेकर

नोंद केली. आजी आणि नातू सोमवारी तपासणीला येणार आहेत. मलेरियाचं मराठीत जमेल, पावरीत मांडायला आमच्या आशाताईंना बरोबर घेतोय.